बेचाळीस घालणं

लीबोर गावात कुणी स्वेटर उलटा घालून आलं, की लोक म्हणतात, ‘काय, आज बेचाळीस घातलंस वाटतं.’ मोजे दोन रंगांचे झाले, गुंडी एक घर खाली लागली, चर्चमधून निघताना नवऱ्याचा कोट बायकोच्या अंगावर चढला, तरी तेच. शाळेच्या जेवणघरात सातवीतली एखादी मुलगी मैत्रिणीला सांगते, ‘सकाळी घाईत मी बेचाळीस केलं,’ आणि दोघी खिदळतात. हे बेचाळीस आलं कुठून, ते त्यांना ठाऊक नसतं. विचारलं तर म्हणतात, आमच्याकडे असंच म्हणतात.

आर्लिस कुचेराला ठाऊक होतं. तो शब्द कानावर पडला की तिच्या उजव्या हाताची बोटं आपोआप मिटायची, पेन्सिल धरल्यासारखी.

लीबोर हायस्कूलच्या ऑफिसात आर्लिसने अडतीस वर्षं काढली. फोन उचलणं, उशिरा आलेल्यांना चिठ्ठ्या देणं, ताप आलेल्या पोराला कोचावर झोपवून त्याच्या आईला शेतावर निरोप धाडणं, हे तिचं काम. पण गावाच्या लेखी ती त्यासाठी नव्हती. गावाच्या लेखी आर्लिस म्हणजे बास्केटबॉलच्या सामन्याला टेबलाशी बसून वही भरणारी बाई. कुणी किती बास्केट केल्या, कुणाचे किती फाउल झाले, कुठली मुलगी कधी आत आली नि कधी बाहेर गेली, सगळं तिच्या बारीक, उभ्या अक्षरात. पंच शिट्टी वाजवून बोटांनी खेळाडूचा नंबर दाखवायचा आणि आर्लिसची पेन्सिल हलायची. ऑफिसातून निवृत्त झाली तेव्हा केक कापला, भाषणं झाली, आणि पुढच्या मंगळवारी ती पुन्हा टेबलाशी येऊन बसली. सोडलं का नाही, असं तिला कुणी विचारलंही नाही.

जर्सीही तिच्याकडेच असायच्या. धुणं, इस्त्री, सुटलेला नंबर शिवणं, हंगामाच्या सुरुवातीला नावानिशी वाटणं आणि शेवटी मोजून परत घेणं. कोच बदलत, मुख्याध्यापक बदलत, आर्लिसच्या कपाटातली घडी बदलत नसे.

गाव लहान, शाळा त्याहून लहान, पण जिमच्या उत्तरेकडच्या भिंतीवर लीबोरने जे मिळवलं ते सगळं टांगलेलं होतं. मुलांची क्रॉस-कंट्री, एकोणीसशे एकोणऐंशी. आठ खेळाडूंचं फुटबॉल, त्र्याऐंशी. कुस्ती, शहाऐंशी. मुलींची रिले, एक्क्याण्णव. राज्यात पहिलं आलं की पूर्ण निशाण, हिरव्यावर पिवळी अक्षरं आणि कोपऱ्यात नांगर, कारण लीबोरचे संघ म्हणजे प्लाउमेन, नांगरवाले. मुलींच्या संघाला लेडी प्लाउमेन म्हणत आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे. दुसरं आलं तर अर्धं निशाण. असं अर्धं निशाण भिंतीवर एकच होतं, अगदी दाराच्या वर: मुलींचं बास्केटबॉल, अठ्ठ्याण्णव. ते आर्लिसनेच शिवलेलं. शिवताना दोनदा सुई बोटात गेली, हे तिने कुणाला सांगितलं नाही, आणि सांगण्यासारखं तेवढंच नव्हतं.

त्या वर्षी मुलींचा संघ पहिल्यांदाच राज्याच्या अंतिम सामन्यात पोचला. गाव निम्मं रिकामं करून लोक राज्याच्या राजधानीत, लिंकनला गेले. पालकांनी नवीन गडद हिरव्या जर्सी आणवल्या होत्या. त्या सामन्याच्या आदल्या दिवशी आल्या. आर्लिसने खोकी उघडली तर ट्रिना होलुबची चोवीस नंबरची जर्सी एखाद्या कुस्तीगिराला यावी एवढी. ट्रिना म्हणजे काडी, अकरावीतली, वेगाने पळणारी, संघातली सहावी, म्हणजे बाकावरून पहिली आत जाणारी. आर्लिसने जादाच्या तीन जर्सी चाळल्या, त्यात बेचाळीस नंबरची अंगाला बसेल अशी निघाली. वाटपाच्या कागदावर तिने लिहिलं: ‘होलुब – ४२ (२४ फार मोठी).’ दुसऱ्या दिवशी लिंकनला कपडे बदलायच्या खोलीत प्रत्येकीच्या नावाच्या खुंटीवर जर्सी टांगल्या आणि ट्रिनाच्या खुंटीवर बेचाळीस टांगली. ट्रिनाला सांगायचं होतं. तेवढ्यात कोचने हाक मारली, खेळाडूंची यादी टेबलावर द्यायला दहाच मिनिटं उरलीत म्हणून. आर्लिस उभ्या उभ्या, एक पाय बाकावर ठेवून गुडघ्यावर वही टेकवून, यादी लिहायला लागली. बारा नावं, बारा नंबर. वर्षभर लिहिलेलेच. हाताने आपोआप लिहिले. होलुब, चोवीस.

दुसऱ्या भागात कोचने ट्रिनाला उठवलं. ती टेबलाशी येऊन गुडघ्यावर बसली आणि म्हणाली, ‘बेचाळीस, आत.’ टेबलावरच्या अधिकाऱ्याने यादीवरून बोट फिरवलं. बेचाळीस नव्हता. भोंगा वाजला.

यादीत नसलेला नंबर अंगावर असला की संघाला दंड बसतो. समोरच्यांना दोन मोकळे थ्रो, वर चेंडूही त्यांनाच. लहान पोरांनाही ठाऊक असलेला नियम. कोच डेल रीमर्स तांबडालाल होत टेबलाशी आला. आर्लिस टेबलाच्या टोकाला आपली वही घेऊन बसली होती. ट्रिनाच्या छातीवरचा आकडा दिसला त्याच क्षणी तिला सगळं कळलं होतं.

‘आर्लिस, तुझ्या वहीत काय आहे?’ कोचने विचारलं.

‘चोवीस,’ आर्लिस म्हणाली.

खरंच होतं ते. वहीत चोवीसच होतं.

कोच ट्रिनाकडे वळला. ‘अगं, कुणाची जर्सी चढवून आलीस?’ चार-साडेचार हजार माणसं बसलेली, त्यात तो आवाज काही सगळ्यांना ऐकू गेला नसेल, पण बोट सगळ्यांना दिसलं. ट्रिनाने मान खाली घालून स्वतःच्या छातीकडे पाहिलं. सतरा वर्षांची पोर. खुंटीवर जे होतं तेच तिने घातलं होतं, पण त्या घटकेला तिला वाटलं, घाईत आपणच शेजारच्या खुंटीवरची ओढली. तिच्या चेहऱ्यावर ते वाटणं आर्लिसने उमटताना पाहिलं. एक वाक्य बोलायचं होतं. तोंडापर्यंत आलंही. पंचाने दोन बोटं दाखवली, आणि आर्लिसची पेन्सिल हलली.

दोन्ही थ्रो आत गेले. सामना शेजारच्या ॲशग्रोव्ह गावाने जिंकला, अठ्ठेचाळीस विरुद्ध सत्तेचाळीस.

परतीच्या बसमध्ये पोरी मागे दाटीवाटीने बसल्या होत्या. ट्रिना पुढे एकटीच, काचेला डोकं लावून. आर्लिस उठून तिच्या शेजारी गेली. सांगायलाच गेली होती. पर्स उघडली, पेपरमिंट काढून तिच्या हातावर ठेवलं, आणि शब्द जुळवत बसली. वाटेतलं सेवर्ड गाव मागे पडेपर्यंत शब्द जुळले नाहीत, आणि तोवर पोर तिच्या खांद्यावर डोकं टाकून झोपली होती. झोपलेल्या पोराला कोण उठवतं, असं आर्लिसने स्वतःला सांगितलं. पुढे अशी बरीच कारणं तिने स्वतःला सांगितली.

गावात ट्रिनाला कुणी वाईट बोललं नाही. लीबोरमध्ये बोलत नाहीत. ‘काही हरकत नाही गं,’ म्हणाले सगळे. दुकानात, चर्चच्या पायऱ्यांवर, जो तो दंडावर थोपटून म्हणायचा. लीबोरमध्ये हे वाक्य झाकणासारखं वापरतात. भांड्यात काय आहे ते ज्याला त्याला ठाऊक असतं. झाकण ठेवलं की विषय संपला. मग महिनाभराने कॅफेत कुणीतरी स्वेटर उलटा घालून आला, कुणीतरी म्हणालं, ‘ट्रिनागत बेचाळीस घातलंस की काय,’ आणि सगळे हसले. ट्रिनाचे वडील एमिलही तिथेच होते. तेही हसले. पुढच्या हंगामात त्यांची नेहमीची जागा, तिसऱ्या रांगेतली भिंतीकडची, रिकामी दिसायला लागली. गुडघे दुखतात म्हणाले. बारावीत ट्रिनाने खेळायचं सोडलं. अभ्यास फार आहे म्हणाली. शाळा संपल्यावर ओमाहाला गेली, तिथून डेन्व्हरला, आणि एमिलच्या अंत्यविधीला एक दिवस आली तेवढीच.

आर्लिसने एकदा नवऱ्याला सांगितलं. लिरॉय धान्याच्या कोठारावर काम करायचा, मोजकं बोलायचा. त्याने ताटातला मका संपवला, मग म्हणाला, ‘झालं ते झालं.’ एकदा चर्चमध्ये कबुलीला गेली तेव्हा जाळीशी तोंड नेऊन सगळं सांगितलं. फादर पलीकडून जाळीकडे झुकले. मग अगदी हळू आवाजात त्यांनी विचारलं, ‘तो सामना?’ फादरही लिंकनला गेले होते. त्यांनी तिला जपमाळा सांगितल्या आणि त्या मुलीला सांगून टाक, असंही सांगितलं. जपमाळा तिने केल्या.

गेल्या वर्षी शाळेच्या बोर्डाने ठराव केला. पोरंच उरली नव्हती. नववी ते बारावी मिळून एकतीस. ऑगस्टपासून लीबोरची मुलं सतरा मैलांवर ॲशग्रोव्हला जाणार, संघ एकत्र होणार, आणि नांगरही जाणार नि ॲशग्रोव्हच्या निशाणावरचा बहिरी ससाणाही. नवं नाव ‘स्टॉर्म’, म्हणजे वादळ. ज्या गावात दोन शाळा जुळतात तिथे स्टॉर्मच येतं, आकाशात ढग असो नसो. ॲशग्रोव्हच्या जिममध्ये त्यांची निशाणं राहणार होती. त्यात अठ्ठ्याण्णवचं एक पूर्ण निशाण होतं, मुलींचं बास्केटबॉल. लीबोरच्या पोरी आता त्याच्याखाली खेळणार.

फेब्रुवारीत लीबोरच्या जिममधला शेवटचा सामना ठरला. खेळांचं सगळं बघणारा ब्रेट कोझाक, तिशीतला, मनाने चांगला मुलगा, आर्लिसच्या घरी आला आणि म्हणाला, शेवटच्या दिवशी वाटायला एक पुस्तिका करतोय, शाळेच्या खेळांचा इतिहास दोन पानांत लिहून द्याल का, तुमच्यावाचून कुणाला माहीत आहे. आर्लिसने जुन्या वह्या काढल्या. आठवडाभर स्वयंपाकघरातलं टेबल वह्यांनी भरलं होतं. ती उभ्या उभ्या ब्रेड खायची. त्र्याऐंशीच्या फुटबॉल संघातला कोण कुठे आहे, रिलेतल्या चौघींपैकी दोघी एकमेकींच्या नणंदा-भावजया कशा झाल्या, सगळं लिहिलं. अठ्ठ्याण्णवपाशी ती दोन दिवस थांबली. मग लिहिलं: ‘मुलींचा संघ राज्यात उपविजेता, ४७–४८. दुसऱ्या भागातला दंड यादी लिहिणाऱ्या आर्लिस कुचेराच्या चुकीमुळे बसला. ट्रिना होलुबने आपल्या खुंटीवरचीच जर्सी घातली होती.’

कागद देऊन आली तेव्हा पाय हलके वाटत होते. दुसऱ्या दिवशी ब्रेटचा फोन आला. फार छान लिहिलंय म्हणाला, बायकोला वाचून दाखवलं. फक्त अठ्ठ्याण्णवची ती दोन वाक्यं काढतोय.

‘का?’ आर्लिसने विचारलं.

‘मिसेस कुचेरा, तुम्ही किती चांगल्या आहात ते गावाला ठाऊक आहे,’ ब्रेट म्हणाला. ‘त्या बिचारीसाठी तुम्ही अंगावर घ्यायला निघालात. पण शेवटचा दिवस आहे, सगळं आनंदाचं असू दे. आणि आता तर ती गंमतच झालीय हो.’

तिने सांगून पाहिलं की हे खरं आहे. तो पलीकडे हसला, प्रेमानेच. काही हरकत नाही, म्हणाला. आणि मग सहज, निरोप द्यावा तसं म्हणाला की ट्रिनाने नाव नोंदवलंय, येतेय, मध्यंतरात अठ्ठ्याण्णवच्या मुलींना मैदानावर बोलावणार आहोत.

आर्लिसने कपाटातून वाटपाचा कागद काढला. सव्वीस वर्षं तो तिने कशाला जपला होता ते तिलाही सांगता आलं नसतं. फाडायचं बळ नव्हतं, इतकंच. घडी घालून तिने तो स्कोअरच्या वहीत ठेवला.

त्या दिवशी दुपारपासून बर्फ भुरभुरत होतं, तरी चार वाजताच शाळेसमोर गाड्या लावायला जागा उरली नाही. जेवणघरात चिली, म्हणजे राजमा-खिम्याचं तिखट कालवण, आणि दालचिनीचे रोल होते, दुसरं काय असणार. लोक शाळेच्या काळातली हिरवी जाकिटं घालून आले होते. बऱ्याच पुरुषांच्या गुंड्या आता लागत नव्हत्या आणि त्यावरून बायका त्यांना छेडत होत्या. आर्लिस आपल्या जुन्या ऑफिसात ताट घेऊन बसली होती, चमचा तसाच ठेवून. दारात कुणीतरी उभं राहिलं.

‘मिसेस कुचेरा, उशिराची चिठ्ठी मिळेल का?’

ट्रिना होती. त्रेचाळीस वर्षांची, केस कापलेले, डेन्व्हरला दातांच्या दवाखान्यात काम करते ते तिच्या स्वच्छ हसण्यावरून कळत होतं. जाकीट हातावर टाकलेलं. तिने आर्लिसला घट्ट मिठी मारली आणि खुर्ची ओढून बसली. मुलांचं सांगितलं. दोन मुली, धाकटी बास्केटबॉल खेळते, सहावीच येते, आईसारखी. यायचं नव्हतंच खरं तर, ती म्हणाली. नवरा म्हणाला जाऊन ये, जिम पाडतील उद्या. येताना वाटेत तीनदा परत फिरावंसं वाटलं.

‘पण तुम्हाला भेटायचं होतं,’ ट्रिना म्हणाली. ‘तुम्हाला आठवतं का माहीत नाही. त्या दिवशी बसमध्ये कुणी माझ्याजवळ आलं नाही. तुम्ही आलात. पेपरमिंट दिलंत. एक शब्द बोलला नाहीत. मी माझ्या मुलींना सांगते, कुणी चुकलं ना, तर त्याला शिकवायला जाऊ नका, शेजारी जाऊन बसा. मिसेस कुचेरांसारखं.’

आर्लिसच्या ताटातल्या चिलीवर साय धरत होती. जेवणघरातून हसण्याची लाट आली आणि ओसरली. आता गप्प बसलं तरी चाललं असतं. या बाईने सव्वीस वर्षं एक चांगली गोष्ट जपली होती आणि ती हातात घेऊन आली होती. पण आता गप्प बसलं तर पुन्हा कधी?

‘ट्रिना, तू चुकली नव्हतीस,’ आर्लिस म्हणाली.

ट्रिना हसली. ‘तुम्ही अजून तशाच आहात हो.’

‘ऐकून घे. तू तुझ्याच खुंटीवरची घातलीस. बेचाळीस तिथे मी टांगली. चोवीस तुला मोठी होत होती. आणि यादीत चोवीस लिहिलं तेही मीच.’

‘राहू द्या ना, मिसेस कुचेरा. मला बरं वाटावं म्हणून कशाला? मी त्यातून कधीच बाहेर आलेय.’

आर्लिसने वही उघडली, कागद काढला आणि टेबलावरून तिच्याकडे सरकवला. ट्रिनाने तो हसतच उचलला. वाचला. हसू तसंच राहिलं, पण त्यामागचं कुणीतरी उठून गेल्यासारखं झालं. तिने पुन्हा वाचला, तारखेवर अंगठा फिरवला.

‘हे आदल्या दिवशीचं आहे,’ ती म्हणाली.

‘हो.’

‘म्हणजे कोचनी विचारलं तेव्हा तुम्हाला माहीत होतं.’

‘हो.’

‘तुम्ही चोवीस म्हणालात. मला ऐकू आलं होतं.’

आर्लिसने मान हलवली.

‘आणि बसमध्ये?’

‘सांगायलाच आले होते.’

ट्रिना खिडकीकडे बघत राहिली. बाहेर कुणीतरी गाडीवरचं बर्फ झाडत होतं. तिचा आवाज अजिबात चढला नाही. म्हणाली, ‘पप्पा शेवटच्या आठवड्यात ओमाहाच्या दवाखान्यात होते. मी निघताना कोट घालत होते तर म्हणाले, नीट बघून घाल. गमतीनं म्हणाले. मीही हसले. ते मला म्हणालेलं शेवटचं.’

आर्लिस म्हणाली की तिला फार वाईट वाटतं. ते वाक्य तिने एवढ्या वर्षांत शेकडो वेळा मनात म्हटलं होतं. बाहेर पडल्यावर ते एवढंसं निघालं.

ट्रिनाने कागदाची घडी होती तशी घातली.

‘काही हरकत नाही,’ ती म्हणाली.

अगदी लीबोरच्या माणसासारखं म्हणाली. तोच सूर, तीच मान थोडी कललेली. आर्लिस त्या गावात जन्मली होती. झाकण बसल्याचा आवाज तिला ओळखू येत होता.

तिने कागद ट्रिनाकडे सरकवला. तुझाच आहे, तू ठेव, म्हणाली. ट्रिनाने तो बोटाच्या टोकाने परत ढकलला. ‘तुम्हीच ठेवा. तुमच्याकडे सगळं नीट राहतं.’

मग ती उठली. हातावरचं हिरवं जाकीट चढवताना तिने कॉलर उलटून आतलं लेबल पाहिलं, मग पुन्हा एकदा पाहिलं. आपण काय करतोय हे तिच्या ध्यानात आलं आणि तिचा हात तसाच थांबला. आर्लिसकडे न बघता तिने जाकीट काढलं, पुन्हा हातावर टाकलं, आणि सामना छान होऊ दे, असं म्हणून ती बाहेर गेली.

जिम खच्चून भरली होती. आर्लिस टेबलाशी बसली. तिच्या शेजारी व्हर्लिन शूल्झ, हा गावचा न्हावी आणि तीस वर्षं माइकवर बोलणारा माणूस. त्याने नेहमीसारखी पहिली कोटी तिच्यावर केली, आर्लिस चुकली तर आज नांगरवाल्यांना शंभर गुण, आणि लोक नेहमीसारखे हसले. सामना सुरू झाला. लीबोरच्या पोरी मागे पडत गेल्या. सात मुली सगळ्या मिळून, त्यातली एक ताप अंगावर घेऊन खेळत होती. मध्यंतराला बारा गुणांची पिछाडी होती.

व्हर्लिनने एकेका संघाला बोलावलं. कुस्तीवाले आले, रिलेतल्या चौघी हात धरून आल्या. मग अठ्ठ्याण्णव. एकेक नाव, एकेक बाई, टाळ्या. अकराजणी अर्धवर्तुळात उभ्या राहिल्या.

‘ट्रिना होलुब,’ व्हर्लिन म्हणाला.

लोकांनी दाराकडे माना वळवल्या. अर्धं निशाण होतं त्या दाराकडे. कुणी आलं नाही.

‘ट्रिना होलुब, डेन्व्हरहून खास आलेली,’ व्हर्लिन पुन्हा म्हणाला.

वरच्या रांगेतून एक पुरुषी आवाज आला, ‘चुकून ॲशग्रोव्हच्या जिममध्ये गेली असेल, बेचाळीस करून.’ सगळी जिम हसली. वाईट हसू नव्हतं ते. आपल्या माणसाला हसावं तसं, मायेचं. मैदानावरच्या अकराजणीही हसल्या, एकमेकींच्या खांद्यावर हात टाकून.

माइक आर्लिसच्या कोपरापासून वीतभर अंतरावर होता. वहीत कागद होता, तिच्याच अक्षरातला. व्हर्लिनने माइकवर तळवा ठेवला आणि तिच्याकडे झुकला.

‘आर्लिस, आली होती ना गं ती?’

‘आली होती,’ आर्लिस म्हणाली.

व्हर्लिनने मान हलवली, तळवा काढला आणि लोकांना सांगितलं की बर्फामुळे लवकर निघावं लागलं असेल, तिच्यासाठीही एकदा होऊन जाऊ दे. जोरात टाळ्या वाजल्या. टाळ्या संपेपर्यंत आर्लिस पेन्सिलीचं टोक पाहत होती.

भोंगा वाजला, पोरी परत मैदानात आल्या. तिसऱ्या भागाची दोन मिनिटं झाली तेव्हा तापातली मुलगी खुणेने बाहेर आली आणि बाकावरची दुसरी धावत येऊन टेबलासमोर गुडघ्यावर बसली, नंबर सांगायला. आर्लिसने तिच्या छातीवरचा आकडा पाहिला, वहीतला पाहिला, पुन्हा छातीवरचा पाहिला. जुळत होता. तिने मान हलवून मुलीला आत सोडलं आणि वेळ लिहिली.